अल्टन सरोवराकाठची रात्र

उत्तर अमेरिकेच्या नकाशात मिनेसोटा राज्याचा ईशान्य कोपरा शोधून पाहावा. जमीन कोठे संपते आणि पाणी कोठे सुरू होते, हे तेथे सहजी सांगता येत नाही. हिमयुगातील हिमनद्यांनी खडक खरवडून जे खळगे केले, त्यांत पाणी साठून १,००० हून अधिक लहानमोठी सरोवरे झाली आहेत. कॅनडाच्या सीमेला लागून असलेल्या सुमारे ११ लाख एकरांच्या या अरण्याला ‘बाउंडरी वॉटर्स’ म्हणतात. तेथे वस्ती नाही, दुकान नाही. बहुतेक सरोवरांत इंजिनाची होडीही चालू देत नाहीत. ‘कनू’ नावाची निमुळती, उघडी होडी वल्हवीत जायचे आणि जेथे पाणी संपेल तेथे ती खांद्यावर उलटी घेऊन पुढच्या सरोवरापर्यंत पायवाटेने चालायचे, असा तेथील प्रवास. या पायवाटेला ‘पोर्टेज’ म्हणतात. तिची लांबी आजही ‘रॉड’ या जुन्या मापात सांगतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूची लांबी.

लेक आणि जावई मिनियापोलिसला असतात. लेकीला या सरोवरांची ओढ कॉलेजच्या दिवसांपासून लागली. दोन वर्षे ती आग्रह करीत होती. गेल्या भाद्रपदात, संवत्सरी होऊन तीन आठवडे झाल्यावर, मी होकार दिला. सौभाग्यवतींना ते रुचले नाही. “चातुर्मासात साधुसंत एका जागी थांबतात आणि तुम्ही या वयात पाण्यावर निघालात!” असे त्या म्हणाल्या. मी हसून उत्तर दिले की तो नियम साधूंसाठी आहे, आपण श्रावक. त्या मिनियापोलिसलाच थांबल्या. लेक, जावई, ११ वर्षांचा नातू आणि मी असे चौघे, दोन कनू घेऊन निघालो.

निघण्याच्या आदल्या रात्री लेकीने सारे सामान जमिनीवर मांडले आणि माझी बॅग उघडून त्यातील सुती बनियन, सुती सदरे आणि पँट एकेक करून बाजूला काढून ठेवली. आमच्या तीन पिढ्या सोलापुरात सुती कापड विकण्यात गेल्या. चादर, टॉवेल, धोतर, सुती तागा यांवर आमचे घर उभे राहिले. त्या घरच्या मुलीने माझ्यादेखत सुताला नकार द्यावा, याचे मला वाईट वाटले.

“पप्पा, सूत पाणी पितं आणि धरून ठेवतं,” ती म्हणाली. “सोलापुरात एप्रिलमध्ये तोच त्याचा गुण. घाम शोषतं, वारा लागला की गार वाटतं. इथं भिजलात आणि वारा सुटला, की तोच गारवा अंगातली ऊब ओढून घेतो. इकडची वल्हवणारी माणसं म्हणतात, सूत जीव घेतं.”

तिने मला पॉलिएस्टरचा पातळ अंगरखा, त्यावर घालायचा फ्लीसचा जाड सदरा आणि वर पाऊस-वारा अडवणारे जॅकेट दिले. हे धागे पाणी फारसे शोषत नाहीत. पिळून झटकले की पुन्हा थोडीफार ऊब धरतात. झोपण्याच्या पिशवीचीही अशीच गोष्ट. बाजारात नावाजलेल्या पिशव्या बदकांच्या आणि हंसांच्या पिसांच्या असतात. आपल्या घरात ते चालणे शक्य नव्हते, म्हणून तिने कृत्रिम तंतूंची पिशवी घेतली होती. तिने सांगितले की पिसे वजनाला हलकी आणि कोरडी असताना फार उबदार. मात्र भिजली की त्यांचा गोळा होतो आणि ऊब जाते. कृत्रिम तंतू भिजले तरी बरीचशी ऊब राखतात. जीवदयेसाठी जे निवडले, ते ओल्या प्रदेशात व्यवहारालाही योग्य ठरले, याचा मला आनंद झाला. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी मी आतून आपला सुती बनियन घातलाच. एवढ्याने काय होते, असे मनाशी म्हटले आणि कोणाला सांगितले नाही.

मिनियापोलिसहून डुलुथ शहर अडीच तासांवर. तेथून सुपीरियर या समुद्रासारख्या सरोवराच्या काठाने रस्ता ईशान्येस जातो. टॉफ्टी गावाशी तो सोडून अरण्यात शिरलो आणि सुमारे ४० किलोमीटरवर सॉबिल सरोवर गाठले. याच मुख्य रस्त्याने आणखी पुढे गेले की ग्रँड पोर्टेज नावाचे स्थान लागते. अठराव्या शतकाच्या अखेरीस नॉर्थ वेस्ट कंपनीचे मोठे ठाणे तेथे होते. युरोपातील टोप्यांसाठी बीव्हर या प्राण्याची कातडी कनूंतून वाहून आणली जात. तो व्यापार हिंसेचा होता, त्याचे गोडवे गाता येणार नाहीत. पण जावयांनी सांगितलेली एक गोष्ट मनात राहिली. सुमारे ४० किलोचा एकेक गठ्ठा पाठीवर वाहणारे ते फ्रेंच वल्हेकरी उजाडण्याआधी निघत, कारण पहाटे पाणी शांत असते. आणि वारा फार वाढला तर माल भरलेल्या कनू काठावर ओढून तो पडेपर्यंत बसून राहत. उशीर त्यांनाही परवडत नसे, तरी ते थांबत. या प्रदेशाचे मूळ रहिवासी ओजिब्वे लोक. बर्चच्या सालीची हलकी कनू ही त्यांची विद्या; वल्हेकरी त्यांच्याकडूनच ती शिकले.

सॉबिलहून अल्टन सरोवराकडे जाणारे पोर्टेज ३० रॉडांचे, म्हणजे जेमतेम १५० मीटर. ते ओलांडून अल्टनच्या पूर्व काठावर नेमून दिलेल्या एका मुक्कामाच्या जागी आम्ही तंबू ठोकला. येथे नियम कडक आहेत. एका गटात नऊपेक्षा अधिक माणसे नकोत. डबाबंद अन्न आणि काचेच्या बाटल्या आणायच्या नाहीत. जिवंत झाडाची फांदी तोडायची नाही. अन्न अस्वलाच्या हाती लागणार नाही असे ठेवायचे. सरोवराचे पाणी कुजलेल्या पानांमुळे फिकट चहाच्या रंगाचे. ते उकळूनच प्यावे असे परवान्यासोबत मिळणारे मार्गदर्शनही सांगते. आमच्या घरी पक्के पाणी पिण्याचा परिपाठ, त्यामुळे वेगळे काही करावे लागले नाही. सूर्यास्तापूर्वी खाखरा, मुगाची खिचडी आणि खजूर असे जेवण झाले. काळोख पडल्यावर लून पक्ष्याची दीर्घ हाक पाण्यावरून आली, तेव्हा नातू माझ्या कुशीत सरकला.

दुसऱ्या दिवशी अल्टन ओलांडून पश्चिमेकडील पोर्टेजने बेथ सरोवरावर जायचे आणि संध्याकाळच्या आत तंबूकडे परतायचे, असा बेत होता. निघण्यापूर्वी लेकीने दोन मर्यादा सर्वांना ऐकवल्या. दुपारचे दोन वाजले की आपण कोठेही असलो तरी मागे फिरायचे. आणि मेघगर्जना ऐकू आली की तंबूकडे नव्हे, जो काठ सर्वांत जवळ असेल त्याकडे वळायचे. नातवाने विचारले, दोनच का, अडीच का नाहीत? ती म्हणाली, दुपारनंतर येथे वारा वाढतो, ढग दाटतात. शिवाय हे आत्ताच ठरवायचे, कारण दोन वाजता आपल्याला आणखी पुढे जावेसे वाटणारच.

मला ते फार पटले, कारण ते आपल्या घरचेच होते. श्रावकाच्या बारा व्रतांत दिशापरिमाण आहे. रोज सकाळी चौदा नियम धारताना आपण ‘दिशा’ही धारतो, आज या दिशेला इतकेच जाईन, असे. दुकानातही हाच न्याय असतो. उधारीची मर्यादा गिऱ्हाईक समोर उभे राहण्याआधी ठरवायची. ते समोर हसून बोलू लागल्यावर ठरवू पाहणाऱ्याची रक्कम बुडते. हे मी नातवाला मोठ्या उत्साहाने समजावून सांगितले. आणि त्याच दिवशी ती मर्यादा मी मोडली.

अल्टन ते बेथ पोर्टेज १४० रॉडांचे, म्हणजे सुमारे ७०० मीटर. सामान आणि दोन कनू नेण्यात वेळ गेला. हवा सप्टेंबरच्या मानाने उबदार, जवळजवळ दमट होती. बेथ सरोवर इतके स्तब्ध होते, की काठावरची पिवळी पडलेली झाडे पाण्यात जशीच्या तशी उतरली होती. दोन वाजले तेव्हा लेकीने घड्याळ दाखवले. मी म्हणालो, “ऊन किती छान आहे! तो पलीकडचा काठ बघून येऊ. या वयात पुन्हा कधी येणार आहे मी?” तिने आकाशाकडे पाहिले, जावयांकडे पाहिले. वडिलांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे तिला आम्हीच शिकवलेले. ती काही बोलली नाही. आम्ही परत फिरलो तेव्हा साडेतीन वाजले होते.

पोर्टेज उलटे पार करून अल्टनच्या पश्चिम काठावर आलो तो पाच वाजले. सूर्य सव्वासातला मावळणार होता. पाण्याला बारीक लाटा होत्या. समोर पूर्व काठावर आमचा निळा तंबू एखाद्या ठिपक्यासारखा दिसत होता. कनू पाण्यात घातल्या, काही अंतर काठाकाठाने गेलो, आणि वायव्येकडून लांबवर जड सामान सरकवल्यासारखा आवाज आला. लेकीने वल्हे थांबवले. थोड्या वेळाने ढगांत उजेड चमकला. ती मोठ्याने अंक मोजू लागली आणि २४ वर गडगडाट झाला. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. म्हणजे वीज आठ किलोमीटरवर होती.

“वळा. काठाला,” ती म्हणाली.

“अगं, तंबू तो काय समोर! वीस मिनिटांत पोचू. जेवण तिकडे, सगळं तिकडे. सूर्यास्ताच्या आत जेवायचं आहे.”

“पप्पा, आता पलीकडे जायचं नाही.”

“मी सांगतोय ना!”

“दुपारी ऐकलं तुमचं. आता नाही ऐकणार.”

तिने या सुरात मला आयुष्यात कधी उत्तर दिले नव्हते. नातवासमोर, जावयांसमोर दिले. मला राग आला आणि त्या रागातच मी काठाशी आल्यावर तिची सूचना न ऐकता घाईने उभा राहिलो. कनूत उभे राहायचे नसते; बसून, एका हाताने काठ धरून, भार मध्यावर ठेवीत उतरायचे असते. शेवाळलेल्या खडकावरून पाय सटकला आणि मी छातीपर्यंत पाण्यात गेलो. लाइफ जॅकेट अंगात होते, म्हणून डोके वर राहिले. पण श्वास एकदम आत ओढला गेला आणि क्षणभर बाहेर येईना. मॅनिटोबा विद्यापीठातील प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्त यांनी थंड पाण्याच्या परिणामांचा अभ्यास करताना अनेकदा स्वतःचे शरीर अशा पाण्यात उतरवले आहे. अतिथंड पाण्यात पडलेल्याला त्यांचे सांगणे असे, की पहिले मिनिट श्वास ताब्यात आणण्याचे. पुढली सुमारे १० मिनिटे हातपाय कामाचे राहतात. आणि थंडीने शुद्ध जायला साधारण एक तास लागतो. म्हणून पडल्यावर आधी श्वास सावरावा, मग धडपड करावी. त्या पहिल्या मिनिटात गोंधळलेल्या माणसाचे तोंड पाण्यावर ठेवायला लाइफ जॅकेट अंगातच असावे लागते. होडीत ठेवलेले उपयोगी पडत नाही. त्या दिवशी पाणी तितके थंड नव्हते, आणि जावयांनी दंड धरून मला बाहेर काढले.

वादळ आले ते भिंत पुढे सरकावी तसे. आधी गार वारा, मग थेंब, मग गारा. लेकीने आम्हाला उंच पाइनच्या झाडांपासून दूर, सारख्या उंचीच्या लहान झाडांत नेले. सर्वांना एकमेकांपासून काही अंतरावर, आपापल्या लाइफ जॅकेटवर पाय ठेवून उकिडवे बसवले. एका ठिकाणी वीज पडलीच तर सर्वांना एकदम धक्का बसू नये, आणि सावध उरलेल्याने इतरांना वाचवावे, हा त्यामागील हेतू. नातू दहा पावलांवर एकटा बसला होता. मी नवकार म्हणत होतो. त्याचेही ओठ हलत होते. समोर सरोवर पांढरे झाले होते. जेथून आम्ही ओलांडणार होतो तेथे लाटांचे माथे वाऱ्याने कापून उडवले जात होते. त्या पाण्यावर वीस मिनिटे मी मागितली होती.

या अरण्याने याहून भयंकर वादळे पाहिली आहेत. ४ जुलै १९९९ रोजी ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगाच्या सरळ वाऱ्यांनी येथील सुपीरियर राष्ट्रीय वनातील पावणेपाच लाखांहून अधिक एकरांवरील झाडे मोडली किंवा उपटली. आमचे वादळ त्यामानाने साधे होते. पण माणसाला मारायला साधे वादळही पुरते.

शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास हलायचे नाही, हा नियम. तो अर्धा तास संपला तेव्हा सात वाजत आले होते. पाऊस थांबला होता, पण वारा उत्तरेचा झाला होता आणि दुपारची ऊब जणू कधी नव्हतीच. लाटा अजून मोठ्या होत्या. सुदैवाने जवळच नेमलेल्या मुक्कामाची एक रिकामी जागा होती. जावयांनी वर वाळक्या, लोंबत्या फांद्या नाहीत हे पाहून ताडपत्री खाली, वाऱ्याकडे पाठ करून बांधली.

मला वाटत होते की मी ठीक आहे. थंडी भरून आली होती, दात वाजत होते, एवढेच. जॅकेटची साखळी उघडेना म्हणून मी चिडलो. नातवाने काही विचारले, त्याला मी उत्तर दिले. तो आईकडे पळाला आणि म्हणाला, “नानाजी काय बोलतात ते कळत नाही.”

लेक आली. माझ्या तोंडाकडे, हातांकडे पाहून तिने सगळे समजून घेतले. शरीराच्या आतील उष्णता ३५ अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ लागली की माणूस अडखळतो, हातातून वस्तू निसटतात, बोलणे जड होते, उगाच चिडचिड होते. स्वतःला ते कळत नाही. सोबतच्यांनीच ओळखायचे असते. आणि अंगाचे थरथरणे आपोआप थांबले पण ऊब आलेली नाही, तर ते बरे होण्याचे नव्हे, मोठ्या धोक्याचे लक्षण.

दिवसभराच्या फेरीतही तिने एक जलरोधक पिशवी सोबत ठेवली होती. सकाळी मी तिला तिच्या वजनावरून हसलो होतो. त्या पिशवीत कोरड्या कपड्यांचे जोड, झोपण्याची एक पिशवी, लहान गॅसची शेगडी, पातेले, गूळ आणि खजूर होते. माझे ओले कपडे काढताना आत सुती बनियन निघाला. तो थंडगार पोटिसासारखा छातीला चिकटला होता. तिने तो पिळला तेव्हा पाण्याची धार लागली. ती काहीच बोलली नाही. जमिनीचा गारवा लागू नये म्हणून खाली लाइफ जॅकेटे अंथरली, कोरडे कपडे आणि कानटोपी घालून मला पिशवीत निजवले. जावई हात चोळू लागले, तर तिने त्यांना थांबवले. अशा वेळी हातपाय चोळायचे नसतात, आधी धड उबवायचे असते. शेगडी ताडपत्रीच्या उघड्या बाजूला पेटवली, कारण बंद तंबूत शेगडी पेटवली तर तिचा विषारी वायू झोपेतच माणसाला संपवतो. उकळते पाणी बाटलीत भरून, ती बाटली कापडात गुंडाळून माझ्या छातीशी दिली. आणि उरलेल्या पाण्यात गूळ विरघळवून वाटी माझ्यापुढे धरली.

अंधार पडला होता. “चौविहार आहे,” मी म्हणालो. इतके मात्र स्पष्ट उच्चारले.

कित्येक वर्षांत सूर्यास्तानंतर मी पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. तापात नाही, प्रवासात नाही, आईच्या अंत्यविधीच्या दिवशीही नाही. लेकीला हे ठाऊक होते. तिची वाटी धरलेली बोटे थरथरत होती; तीही भिजलेलीच होती.

“पप्पा, थरथरायलाही शरीराला इंधन लागतं. तुमच्या पोटात दुपारपासून काही नाही. पच्चक्खाणात आगार असतात, हे तुम्हीच मला पाठशाळेत घालून शिकवलंत ना? समाधी टिकावी म्हणून आगार ठेवलेत. इथं डॉक्टर नाही. रात्रीतून तुम्हाला काही झालं, तर मी मम्मीला काय सांगू?”

मी नातवाकडे पाहिले. तो माझ्याकडे पाहत होता. मी वाटी घेतली.

गुळाचे ते पाणी घोट घोट करीत प्यालो. गिळता येत होते, शुद्धीत होतो, म्हणूनच ते द्यायचे; गुंगीत असलेल्याच्या तोंडात काहीही घालू नये, असे तिने नंतर सांगितले. काही वेळाने हुडहुडी पुन्हा जोराची आली आणि ती तिला शुभचिन्ह वाटली. तासाभरात ती ओसरली आणि माझे शब्द मला परत मिळाले.

मग त्यांनी कोरडे कपडे चढवले. जावयांनी खाली पडलेल्या मृत बर्चच्या ओंडक्याची साल काढली. ही साल तेलकट असल्याने ओलीसुद्धा पेट घेते. बर्च म्हणजे आपल्या भूर्जाच्याच कुळातील झाड. आपल्या देशात ज्याच्या सालीवर ग्रंथ लिहिले गेले, त्याच्या भावाची साल पुढ्यात जळताना पाहून मला अवघडल्यासारखे झाले. लेकीने प्रत्येक लाकूड फोडून, किडे-मुंग्या नाहीत हे विजेरीच्या उजेडात पाहून मगच विस्तवात घातले. पोकळ निघालेली दोन लाकडे तिने परत झाडीत नेऊन ठेवली. माझा जीव वाचवण्याच्या धावपळीतही तिची जयणा सुटली नव्हती. फोन येथे चालत नाही, पण तिच्याजवळ उपग्रहामार्फत मजकूर पाठवणारे लहान यंत्र होते. त्यावरून तिने आईला कळवले, “सगळे काठावर सुखरूप. उद्या परत.”

रात्रभर आम्ही चौघे ताडपत्रीखाली एकमेकांना टेकून होतो. मध्यरात्रीनंतर वारा पडला. तरी तिने अंधारात होड्या काढल्या नाहीत. पहाटे पाण्यावर धुके होते आणि सरोवर काचेसारखे स्तब्ध. सूर्योदयानंतर आम्ही अल्टन ओलांडले. तंबूपाशी पोचलो तेव्हा त्याचे दोन खुंट उपटले गेले होते, छत खाली बसले होते आणि आतील अंथरुणे पाण्यात होती. म्हणजे आदल्या संध्याकाळी कदाचित कसेबसे पलीकडे पोचलो असतो, तरी ओल्या अंगाने ओल्या अंथरुणापाशीच पोचलो असतो.

मी लेकीला म्हणालो, “काल मी तुझ्यावर ओरडलो. मिच्छामि दुक्कडं, बेटा.” ती खुंट गोळा करीत होती. “मीही दोन वाजता बोलायला हवं होतं,” ती म्हणाली. “तुम्ही मोठे म्हणून गप्प बसले. त्याचं मिच्छामि दुक्कडं माझं.”

सोलापूरला परतल्यावर स्थानकात महासतीजींसमोर आलोचना केली. रात्री गुळाचे पाणी घेतले, वर्षानुवर्षांचा चौविहार मोडला, हे सांगताना माझा कंठ दाटला. त्यांनी सारे वर्तमान शांतपणे ऐकून घेतले. वाऱ्याचे, विजेचे, बर्चच्या सालीचे, सर्व विचारले. मग एक आयंबिल दिले. मी हात जोडून उठू लागलो, तेव्हा त्यांनी थांबवले.

“रात्रीच्या पाण्याला आगार होते,” त्या म्हणाल्या. “दुपारी दोनची मर्यादा सर्वांनी मिळून धारली होती. ती मोडताना कोणते आगार होते?”

मी म्हणालो, “काही नव्हते, महाराज. ऊन चांगले होते.”

त्यांनी आणखी एक आयंबिल दिले.